परराष्ट्र धोरण आणि राष्ट्रीय सुरक्षा यांचा अभ्यासक होऊ पाहणाऱ्यांसाठी

दरवर्षी निकाल लागले की ओळखीपाळखीतून काही विद्यार्थ्यांचे फोन येतात. ‘आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात काहीतरी करायचे आहे, पण सुरुवात कुठून करू?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न असतो. मी मराठी माध्यमात शिकलो, पुण्यात एम.ए. केले, पुढे दिल्लीत पीएच.डी. पूर्ण केली आणि या सगळ्यात नऊ वर्षे गेली. त्यांतली किमान दोन वर्षे केवळ माहिती नसल्यामुळे वाया गेली. फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे वाटल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

१. आधी वाट ठरवा

परराष्ट्र सेवेतला अधिकारी धोरण राबवतो, वृत्तपत्रातला भाष्यकार घडलेल्या गोष्टीचा अर्थ त्याच दिवशी सांगतो, आणि अभ्यासक एखादे विधान पुराव्यानिशी सिद्ध करण्यासाठी वर्षे खर्च करतो. तिन्ही कामे चांगली आहेत, पण त्यांची तयारी वेगळी आहे. या वाटा एकमेकींना छेदतात, हेही खरे. भारतीय सामरिक विचाराचे पितामह मानले जाणारे के. सुब्रह्मण्यम हे मूळचे प्रशासकीय सेवेतले. ते १९६८ मध्ये दिल्लीच्या संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्थेचे संचालक झाले आणि १९९९ मध्ये कारगिल आढावा समितीचे अध्यक्ष. परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक सी. राजा मोहन अणुभौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन इकडे आले, तर इतिहासकार श्रीनाथ राघवन आधी पायदळात अधिकारी होते. तेव्हा पदवी वाणिज्य किंवा अभियांत्रिकीची आहे म्हणून वाट बंद होत नाही.

सापळा वेगळाच आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी चालू ठेवण्यासाठी वसतिगृह आणि विद्यावेतन मिळावे, म्हणून पीएच.डी.ला नाव नोंदवणारे विद्यार्थी पुण्यातही आहेत आणि दिल्लीतही. परीक्षेच्या नोट्स सर्व विषयांना थोडाथोडा स्पर्श करायला शिकवतात आणि संशोधन एकाच विषयाच्या तळाशी बसायला लावते, त्यामुळे दोन्ही एकत्र करणाऱ्यांचे बहुधा दोन्ही अर्धे राहते. परीक्षा द्यायचीच असेल, तर ती आधी देऊन मोकळे व्हा.

२. पदव्युत्तर शिक्षण कुठे घ्यावे

महाराष्ट्रात अकरावी-बारावीला संरक्षणशास्त्र हा विषय घेता येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तर मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागातून या विषयाकडे येता येते. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे ‘स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ आहे. ही संस्था १९५५ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाली आणि १९७० मध्ये विद्यापीठात विलीन झाली. तिथल्या एम.ए.चे प्रवेश सीयूईटी-पीजी या देशभरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात.

परदेशात लंडनच्या किंग्ज कॉलेजचा युद्धविषयक अभ्यासाचा विभाग आणि सिंगापूरचे राजारत्नम स्कूल ही नावे वारंवार ऐकू येतील. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात कधी निघते याकडे लक्ष ठेवा. परदेशातील अनेक पदव्युत्तर पदव्या एकाच वर्षाच्या असतात. भारतात त्यांना समकक्षता मिळते का, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासून घ्या. परत आल्यावर तपासणारे मी पाहिले आहेत.

संस्थेच्या नावापेक्षा तिथे कोण शिकवते आणि ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

३. प्रश्न निवडा, विषय नव्हे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. ‘तुम्ही कशावर काम करता?’ या प्रश्नाला ‘भारत-चीन संबंध’ असे उत्तर देणाऱ्याने अजून कामाला सुरुवात केलेली नाही, असे समजावे. तो विषय झाला. प्रश्न त्याच्या आत कुठेतरी दडलेला असतो आणि तो खणून काढावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. भारत आणि चीन यांच्यात २९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटशी होणाऱ्या व्यापाराबाबत करार झाला. पंचशील तत्त्वे त्याच्याच प्रस्तावनेत आहेत, त्यामुळे तो सर्वांना नावाने ठाऊक असतो. मात्र कराराचे पहिलेच कलम फार थोडे जण वाचतात. त्यानुसार तिबेटमधील यातुंग, ग्यांत्से आणि गारतोक येथे भारताची, तर दिल्ली, कलकत्ता आणि कालिंपोंग येथे चीनची व्यापार कार्यालये असणार होती. कराराची मुदत आठ वर्षांची होती आणि ती १९६२ च्या जूनमध्ये, म्हणजे युद्धाच्या चार महिने आधी, संपली. आता प्रश्न असा विचारता येतो: या आठ वर्षांत ग्यांत्से आणि यातुंगच्या भारतीय प्रतिनिधींनी दिल्लीला काय कळवले, आणि त्यातले काय दिल्लीत वाचले गेले? या प्रश्नाला सुरुवात आणि शेवट आहे, ठरावीक कार्यालये आहेत आणि त्यांचा पत्रव्यवहार आहे. चार-पाच वर्षांत एका माणसाला त्याचे उत्तर देता येईल.

प्रश्न पारखण्यासाठी मी तीन कसोट्या वापरतो. त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते का? त्याचा पुरावा मला वाचता येणाऱ्या भाषेत आणि मला जाता येईल अशा ठिकाणी आहे का? आणि उत्तर मिळाल्यावर कोणाला तरी आपले जुने मत बदलावे लागेल का? पहिल्या कसोटीवरच बहुतेक आराखडे गळतात. ‘भारताचे शेजारधोरण कसे यशस्वी ठरले’ हा प्रश्नच नाही, कारण त्याने उत्तर आधीच गृहीत धरले आहे.

मराठी वाचकाला एक हक्काचे क्षेत्र आहे आणि त्याकडे दिल्लीतल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त करणाऱ्या स्वयंसेवकांत अनेक मराठी तरुण होते, गायक-संगीतकार सुधीर फडके हे त्यांपैकी एक. त्यानंतर पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध मार्गाधिकाराचा, म्हणजे आपल्या भूभागांपर्यंत भारतातून ये-जा करण्याच्या हक्काचा, दावा लावला आणि त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. दोन्ही देशांचे युक्तिवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. एकीकडे हे इंग्रजी-फ्रेंच दस्तऐवज, दुसरीकडे मराठी आठवणी आणि ‘केसरी’सारख्या वृत्तपत्रांच्या जुन्या फायली, तिसरीकडे पणजीच्या अभिलेखागारातील पोर्तुगीज कागद. हे तिन्ही एकत्र वाचू शकणारी माणसे किती आहेत, याचा विचार करा.

४. एक भाषा शिका

इंग्रजी अनिवार्य आहेच, पण फक्त इंग्रजीवर तुम्ही त्याच कागदांपर्यंत पोहोचाल जिथे आधीच गर्दी आहे. प्रश्न ठरला की भाषा आपोआप ठरते: चीनसाठी मँडरिन, पाकिस्तानसाठी उर्दू, गोव्याच्या प्रश्नासाठी पोर्तुगीज. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी अशा भाषांचे अर्धवेळ वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

नेपाळी देवनागरीत लिहिली जाते, हे मात्र आपण विसरतो. मराठी वाचणाऱ्याला काठमांडूचे वृत्तपत्र पहिल्याच दिवशी अडखळत का होईना पण वाचता येते, आणि सहा महिन्यांच्या मेहनतीनंतर संसदेतील चर्चाही कळू लागते. इतका स्वस्त प्रवेश दुसऱ्या कोणत्याही शेजारी देशात नाही.

५. नेट, सेट आणि विद्यावेतन

यूजीसी-नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. दोन पेपर, तीन तास, १५० प्रश्न, ३०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडू नका. संरक्षण व सामरिकशास्त्र हा विषय राज्यशास्त्राहून वेगळा आहे. अर्ज भरताना आपल्या पदवीशी जुळणारा विषयच निवडा. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह पात्र, सहायक प्राध्यापकपदासाठी व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात.

अधिछात्रवृत्ती म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘जेआरएफ’. तिची रक्कम २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. ती हुकली म्हणून खचू नका. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात, आणि सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर या केंद्रीय संशोधन परिषदेचीही योजना आहे. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांतील अध्यापकपदांसाठी पुणे विद्यापीठ सेट परीक्षा घेते, तीही देऊन ठेवा.

अर्जांसाठी एक फाइल कायम तयार ठेवा. तिच्यात हे असावे:

- दहावीपासूनची गुणपत्रके व प्रमाणपत्रे, प्रत्येकाची स्कॅन प्रत
- जातीचे व नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागू असल्यास, आणि त्याची मुदत संपण्याची तारीख वहीत वेगळी लिहिलेली
- दोन पानांचा संशोधन आराखडा
- सुमारे तीन हजार शब्दांचा इंग्रजीतील स्वतःचा एक लेख
- शिफारसपत्रे देणाऱ्या दोन प्राध्यापकांची पूर्वसंमती

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. माझा एक अर्ज केवळ शिफारसपत्र वेळेत न पोहोचल्याने बाद झाला, आणि दोष माझाच होता, कारण मी सरांना चारच दिवस आधी विचारले होते.

६. अभिलेखागारात काम करायला शिका

अभ्यासकाचे खरे शिक्षण इथे होते. दिल्लीत जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागार आहे. घरबसल्या सुरुवात करण्यासाठी त्याचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ वापरा. नोंदणी विनामूल्य आहे आणि बऱ्याच फायली तिथे उघडून वाचता येतात. पूर्वीचे नेहरू स्मारक संग्रहालय, म्हणजे आजचे प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय, येथे व्यक्तींची खासगी कागदपत्रे आहेत. इंदिरा गांधींचे सचिव पी. एन. हक्सर यांचे कागद पाहिल्याशिवाय १९७१ च्या युद्धावर गंभीरपणे लिहिता येत नाही. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारालाही जा. आजच्या येमेनमधील एडन बंदराचा कारभार १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याकडे होता, त्यामुळे अरबी समुद्राच्या पलीकडच्या राजकारणाचे कागद तुमच्या लोकल ट्रेनच्या अंतरावर आहेत.

जाताना ओळखपत्र, मार्गदर्शकांचे किंवा विभागप्रमुखांचे परिचयपत्र, पेन्सिल, वही, लॅपटॉप आणि फायलींची आधीच काढलेली यादी सोबत ठेवा. परिचयपत्र नसल्याने मी एकदा दारातूनच परत फिरलो होतो आणि पुण्याहून दिल्लीचे जाण्यायेण्याचे भाडे अक्कलखाती जमा केले होते. छायाचित्रे काढण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, तेव्हा विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नका. परवानगी मिळाली, तर प्रत्येक फाइलचे मुखपृष्ठ आधी टिपा. माझ्याकडे एके काळी चारशे पानांची छायाचित्रे होती आणि त्यांतील निम्मी कोणत्या फाइलमधली, हे मलाच सांगता येत नव्हते. ती सर्व पाने तळटिपेसाठी निरुपयोगी ठरली. संदर्भ लावण्यासाठी ‘झोटेरो’ हे विनामूल्य साधन पहिल्या दिवसापासून वापरा.

यादीत दिसणारी प्रत्येक फाइल मिळतेच असे नाही. मागणीच्या चिठ्ठीवर ‘एनटी’ असा शेरा आला, तर ती फाइल मंत्रालयाकडून अभिलेखागाराकडे आलेलीच नाही, असा त्याचा अर्थ. सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे आणि त्याखालील नियमांत पंचवीस वर्षांहून जुन्या अभिलेखांची तरतूद आहे, तरी परराष्ट्र आणि संरक्षण या दोन खात्यांच्या बाबतीत हातात येणारे कागद अपेक्षेपेक्षा कमी असतात. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजही अधिकृतपणे खुला केलेला नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करून पाहा, शुल्क दहा रुपये आहे. पण कलम ८ (१) (अ) आधी वाचा, देशाच्या सुरक्षेला बाधा आणणारी माहिती त्यानुसार नाकारता येते. वीस वर्षांनंतर माहिती देण्याची तरतूद कलम ८ (३) मध्ये आहे, मात्र सुरक्षेच्या कारणाने नाकारलेली माहिती तिच्यातून वगळलेली आहे.

दार बंद दिसले की खिडक्या शोधाव्या लागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेले परराष्ट्र संबंधांचे दस्तऐवज आंतरजालावर विनामूल्य आहेत आणि १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगावर त्यांत स्वतंत्र खंड आहे. भारत-चीन पत्रव्यवहाराच्या श्वेतपत्रिका आपल्याच सरकारने १९५९ पासून छापल्या. संसदेच्या संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार स्थायी समित्यांचे अहवाल, संसदेतील प्रश्नोत्तरे, महालेखापरीक्षकांचे अहवाल यांच्याकडे नवखे अभ्यासक रुक्ष म्हणून पाठ फिरवतात आणि ‘माहितीच मिळत नाही’ अशी तक्रार करतात. सरावासाठी फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडलेला कारगिल आढावा समितीचा अहवाल घ्या, त्यातली एकच शिफारस निवडा आणि तिचे पुढे काय झाले, याचा माग फक्त सार्वजनिक कागदांवरून काढा. महिनाभर लागेल, पण एवढ्यात तुम्हाला सरकार कसे चालते हे कळेल.

आकड्यांबाबत एकच सावधगिरी सांगतो. ‘संरक्षण अर्थसंकल्प’ म्हणताना निवृत्तिवेतन धरले आहे की नाही आणि आकडा अंदाजपत्रकी, सुधारित की प्रत्यक्ष खर्चाचा आहे, हे लिहिल्याशिवाय दोन वर्षांची तुलना करू नका. वृत्तपत्री लेखांत ही चूक सर्रास दिसते.

७. मुलाखती, नकाशे आणि कायदा

निवृत्त अधिकारी आणि राजदूत बोलायला बहुधा तयार असतात. मात्र मे २०२१ मध्ये निवृत्तिवेतन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार गुप्तवार्ता व सुरक्षाविषयक संघटनांतून निवृत्त झालेल्यांना त्या संघटनेच्या कार्यक्षेत्राबद्दल प्रसिद्धी देण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, आणि शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सर्वांनाच लागू आहे. म्हणून नाव छापायचे की नाही, हे मुलाखतीपूर्वी लेखी ठरवा. कोणी उत्साहाने गोपनीय कागद पुढे केला, तर तो घेऊ नका. प्रबंधात तो वापरता येणार नाहीच, उलट दोघेही अडचणीत याल. आणि स्मरणावर कधी एकट्याने भरवसा ठेवू नका, कारण पंचवीस वर्षांनंतर प्रत्येक जण त्या बैठकीत बरोबर बोललेला असतो.

परदेशी संकेतस्थळावरचा नकाशा उचलून लेखात चिकटवणे हा नवख्यांचा नेहमीचा अपघात. भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशापेक्षा वेगळ्या दाखवून प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

८. लिहा आणि छापून आणा

‘इंडिया क्वार्टर्ली’, ‘इंटरनॅशनल स्टडीज’, ‘स्ट्रॅटेजिक अॅनॅलिसिस’ ही परीक्षकांकडून लेख तपासून घेणारी नियतकालिके आहेत. उत्तर यायला महिने लागतात आणि पहिले उत्तर बहुधा नकाराचे असते. ‘सात दिवसांत प्रकाशन’ असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा, तिथे छापलेला लेख पुढे लपवावा लागतो. सुरुवात पुस्तक परीक्षणापासून करा. ते संपादकांना हवे असते आणि लिहिणाऱ्याला शिस्त लावते.

मराठीतही लिहा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘डिटरन्स’ या संकल्पनेसाठी कोणी ‘प्रतिरोधन’ लिहितो, कोणी ‘प्रतिबंधन’. मला स्वतःला ‘धाक’ हा शब्द पुरेसा वाटतो, कारण शत्रूने हल्ला करू नये यासाठी त्याच्या मनात जे निर्माण करायचे असते, ते याच शब्दाने घरोघरी ओळखले जाते. एखादी कल्पना मराठीत सांगता आली नाही, तर बहुतेक वेळा ती मला इंग्रजीतही नीट कळलेली नसते.

९. नोकरी

दिल्लीत १८७० पासूनची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन, १९६५ ची आणि आता मनोहर पर्रीकर यांचे नाव लाभलेली संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था, सप्रू हाउसमधील भारतीय वैश्विक परिषद, १९९० चे ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन अशा संस्था आहेत. मुंबईत २००९ पासून गेटवे हाउस आहे आणि पुण्यात पुणे इंटरनॅशनल सेंटर. बहुतेक पदे कराराची असतात. मुलाखतीला जाताना संस्थेचा खर्च कोण चालवते हे माहीत करून घ्या: कोणाला संरक्षण मंत्रालय पैसे देते, कोणाला परराष्ट्र मंत्रालय, कोणाला उद्योगसमूह, कोणाला परदेशी प्रतिष्ठाने. पैशाचा हा झरा आटू शकतो. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचा परदेशी देणग्यांचा परवाना २०२३ मध्ये स्थगित आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला, तेव्हा तरुण संशोधकांना त्याची झळ लागली.

महाविद्यालयांत जागा निघतात, पण अनेकांची पहिली काही वर्षे तासिका तत्त्वावर जातात. त्या मानधनावर पुण्यात घर चालत नाही, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

१०. दूरचित्रवाणीचे निमंत्रण

सीमेवर काही घडले की वाहिन्यांचे फोन येतात. माझा प्रबंध १९५० च्या दशकातील व्यापारविषयक पत्रव्यवहारावर होता, आणि मला रात्री नऊच्या चर्चेत क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याविषयी विचारण्यात आले. मी उत्तर दिले. ते चुकीचे होते, आणि त्याची चित्रफीत अजून कोणीतरी मला अधूनमधून पाठवते. तेव्हापासून मी फोनवरच तीन गोष्टी विचारतो: विषय नेमका कोणता, समोर कोण आहे, आणि मला बोलायला किती मिनिटे मिळतील. विषय माझ्या कागदांबाहेरचा असेल, तर तो ज्याचा आहे त्या सहकाऱ्याचा क्रमांक त्याच्या संमतीने देतो. असे दोन-तीनदा केल्यावर फोन कमी झाले. जे येतात ते मात्र बहुधा तिबेटच्या व्यापाराबद्दलच असतात.